भट्टीचं इंग्रजी

थंडीच्या तोंडाला फरीदाबादची हवा नासली आणि कोळशाच्या भट्ट्या बंद ठेवायचा हुकूम निघाला. तसा तो दरसाल निघतो. पण औंदा लवकर निघाला आणि उठायचं नाव घेईना. सकाळी दार उघडलं की समोरचं देऊळ दिसायचं नाही, नुसती घंटा ऐकू यायची. डोळे चुरचुरायचे, जिभेवर कडवट थर बसायचा, आणि वाळत घातलेलं धुणं संध्याकाळी परत धुवावं असं होऊन बसायचं. जुन्या बाजारातल्या एका बोळात कृष्णातचा गाळा होता. खाली भट्टी, वर लाकडी माळ्यावर संसार. भट्टी विझली तसा सगळा संसारच गारठून बसला.

कृष्णात विट्याकडचा गलाईवाला. सोनारांकडचं मोडीचं सोनं-चांदी आणायचं, मुशीत म्हणजे भट्टीतल्या भांड्यात घालून वितळवायचं, मळ काढून चोख करून परत द्यायचं, हा त्याचा धंदा. बापानं हेच केलं, चुलत्यांनीही हेच केलं. भुवया कधीच्या जळून विरळ झालेल्या, नखं तेजाबानं पिवळी पडलेली. भट्टी चालू असली की हा गडी धडधाकट. बंद झाली की त्याला खोकला, कंबर, गुडघे, सगळं एकदम आठवायचं. तो खाटेवर पाय वर घेऊन बसायचा आणि थंड भट्टीकडं बघत राहायचा.

द्वारकाचे हात मात्र रिकामे नव्हते. सोनारांच्या दुकानांतली झाडलोटीची माती पोत्यांनी येऊन पडली होती. ती चाळायची, परातीत घ्यायची, पाणी घालून घोळायची. हलकं असेल ते वरनं सांडून द्यायचं, जड असेल ते तळाला राखायचं. ह्या कामाला विस्तव लागत नाही, हात लागतो. घाई केली की दुसऱ्याचं सोनं गटारीत. पौषातलं पाणी म्हणजे सुयांचा डबा. बोटं बधिर व्हायची, मग ती काखेत धरून गरम करायची आणि पुन्हा परातीला लावायची. सकाळभर तिचं हेच चालायचं.

आणि त्यातच शिवूचं ते निघालं.

शिवांजली, त्यांची एकुलती एक पोर. सहावीपर्यंत सरकारी हिंदी शाळेत होती. यंदा द्वारकानं हट्टाला पेटून तिला इंग्रजी शाळेत सातवीत घातलं. कृष्णात नको म्हणत होता, पण बायकोपुढं त्याचं चाललं नाही. सहामाही झाली आणि शाळेनं बोलावणं धाडलं. इंग्रजीच्या मॅडम हिंदीत म्हणाल्या, "लिखने में तो जैसे-तैसे निकल गयी. पर ओरल में बच्ची ने मुँह ही नहीं खोला. बिल्कुल ज़ीरो." परत एकदा तोंडी घेऊ, व्याकरण आणि त्या साहित्यातल्या सगळ्या संज्ञा विचारू, तेव्हाही असंच झालं तर पोरीला पाचवीत बसवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. शिवू शेजारी मान खाली घालून उभी होती. ती बाकीच्या पोरींपेक्षा उंच, त्यामुळं खाली घातलेली मान आणखीच दिसत होती.

घरी येऊन कृष्णातनं एका वाक्यात निकाल लावला. "पाचवीत बारक्या पोरांत बसवायची असंल तर नगंच ते. गावाला भावाकडं धाडू. तिथं सातवीत तरी बसंल."

गलाईवाल्यांच्या पोरी अशाच गावाला जातात. म्हातारी माणसं असतात, चुलते असतात, खायला-प्यायला काही कमी नसतं. पण पोर आईला भेटते ती जत्रेपुरती, आणि दोन-चार जत्रा झाल्या की कुणीतरी स्थळ आणतं. द्वारका स्वतः अशीच वाढली होती. तिचे आईबाप कुठल्या कुठल्या शहरात सोनं गाळत होते आणि ती चुलतीच्या हाताखाली शेणकूर करत होती. आईच्या मांडीवर डोकं ठेवून निजल्याचं तिला आठवतसुद्धा नव्हतं. तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "परीक्षा हुईस्तवर गावाचं नाव काढू नगा."

मग सुरू झालं पाठांतर. हवेपायी शाळा बंद, तास मोबाईलवर. तास संपला की द्वारका पोरीला परातीसमोर बसवायची. शिवू म्हणायची, "अ नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग," आणि द्वारका माती घोळत ऐकायची. इंग्रजीचं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण कान तयार होता. कुठली व्याख्या शेवटाला वर जाते, कुठली मधे दम खाते, सगळं तिच्या डोक्यात बसलं. "आगं, ही ववी शेवटाला खाली येती," ती म्हणायची, "आत्ता वर का गेलीस? परत म्हण." पोरगी हसायची. "आई यार, ओवी नाहीये ती, डेफिनेशन आहे." पण बघायला गेलं तर खरंच एक शब्द गाळलेला असायचा.

अशाच एका सकाळी सुखदा दारात आली. तोंडाला मास्क, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, हातात फडक्यात बांधलेले तुटके पैंजण. मूळची पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आलेली, स्वतःही कुठल्याशा कंपनीत. बोळाच्या तोंडाशी जी उंच सोसायटी आहे तिथं राहायची.

"गाळायचं बंद हाय, ताई," कृष्णात खाटेवरनंच म्हणाला. "हवा सुधारल्याबिगर भट्टी पेटत न्हाई."

मराठी ऐकून ती खुश झाली. पण निघाली नाही. कारण आत परातीसमोर शिवूचं पाठांतर चालू होतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अच्छा, सातवी का? माझा वेदांत पण सातवीत आहे. हेच सगळं करून घेतेय मी त्याच्याकडून. पाठवा की हिला माझ्याकडे शनिवार-रविवार."

"परक्याच्या घरी पोरगी धाडत न्हाई आम्ही," कृष्णातनं तोडून टाकलं.

बाईनं मास्क सारखा केला. कान लाल झाले तिचे. द्वारकाला वाटलं, गेली ही आता, आणि पोरगीचं नशीबही तिच्यासंगं गेलं. पण सुखदाही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. "बरं," ती म्हणाली, "मग मीच येते. वेदांतला घेऊन. इथे जागा भरपूर आहे."

त्या शनिवारपासून थंड भट्टीच्या भोवती वर्ग भरायला लागला. पोत्यांवर पोरं, पाटावर सुखदा, दाराजवळच्या उजेडात परात घेऊन द्वारका, आणि खाटेवर पाठ फिरवून कृष्णात. वेदांत दिल्लीतच वाढलेला, गोरागोमटा आणि तोंडाळ. पहिल्याच दिवशी भट्टीत डोकं घालून आला आणि नाकाला काजळी लावून बसला.

सुखदाची शिकवायची तऱ्हा निराळी होती. व्याख्या म्हणायला लावायची नाही. वही मिटून ठेवायची आणि म्हणायची, "चलो, ह्या बादलीबद्दल एक वाक्य. आता त्यात एक अ‍ॅडजेक्टिव्ह घाल. आता कालची गोष्ट असल्यासारखं सांग. आता उद्याची." बादली तीच, पण पोरं तिला काल भरायची, उद्या सांडायची, परवा हरवायची. द्वारकाला आधी वाटलं, बाई वेळ काढतीय. तिनं एकदा तोंडावर म्हटलंसुद्धा, "ताई, तिचं पाठ झालंय तेवढं मोडू नगा."

"वहिनी, पाठ केलेलं विचारत नाहीत हो आता," सुखदा म्हणाली. "स्वतःचं सांगायला लावतात. ओरलमध्ये तर हमखास."

द्वारकाला रागच आला. एवढे दिवस थंडीनं फुटलेल्या बोटांनी माती घोळत जे पोरीकडनं घोटून घेतलं, ते बाईनं एका फटक्यात फुकट ठरवलं. परातीतलं पाणी तिनं जरा जोरात हिसळलं.

पण ऐकल्यावाचून राहवत नव्हतं. आणि ऐकता ऐकता एक दिवस गंमत झाली. शेजारच्या सोनारानं येऊन विचारलं, भट्टी कधी पेटणार म्हणून. द्वारका सवयीनं बोलून गेली, "अजून रुसलीय ती. कुणाचं ऐकंना."

"थांबा," सुखदा पोरांकडं वळली. "आई आत्ता काय म्हणाल्या? भट्टी रुसलीय. भट्टी रुसते का? रुसतं कोण?"

"माणूस," वेदांत म्हणाला.

"पर्सॉनिफिकेशन," शिवू म्हणाली. एकदम, न अडखळता.

द्वारकाचा हात थांबला. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं, पोरं हसणार आता. पण कुणी हसलं नाही. सुखदानं तिला समजावून सांगितलं: निर्जीव वस्तूला माणसासारखं वागायला लावायचं, त्याला इंग्रजीत असं नाव आहे. मोठे मोठे लोक लिहिताना हे करतात. मराठीतही त्याला नाव आहे, चेतनगुणोक्ती.

सोनार गेल्यावरही द्वारका तशीच बसली. हे काय आक्रीत म्हणायचं. भट्टी रुसते, दूध पळून जातं, पाऊस तोंड दाखवत नाही, चूल जेवायला मागते. जन्मभर बोलत आलो; आई बोलायची, चुलती बोलायची, रानातल्या बाया बोलायच्या. कुणी कधी म्हटलं नाही की ह्याला नाव आहे. आणि समुद्रापल्याडच्या लोकांनी बसून त्याला नाव ठेवलं, पुस्तकात छापलं, पोरांना विचारायला घेतलं. म्हणजे तेही असंच बोलत असणार की. त्यांच्याही भट्ट्या रुसत असणार. तिच्या अंगावर काटा आला. तिनं तो शब्द पुटपुटून बघितला. मधेच जीभ अडकली. पुन्हा म्हटला. मग कुणी बघत नाही ना, हे बघून तिसऱ्यांदा म्हटला.

त्या दिवसापासून तिचा राग पार पळाला. ती कान टवकारून बसायची. 'सारखं', 'जसं' म्हणून जोडलं तर ती सिमिली. जोडण्याच्या भानगडीत न पडता सरळ 'तो वाघच' म्हटलं तर ते मेटाफर. धाडधाड, टिपटिप, खळखळ, नुसत्या आवाजाचे शब्द, त्यालाही एक लांबलचक नाव. ते मात्र तिला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. रात्रीच्या भाकरी थापतानाही ती थपथप ऐकून स्वतःशीच हसायची. "काय झालं गं?" कृष्णात विचारायचा. "काय न्हाई," ती म्हणायची, "तुमास्नी न्हाई कळायचं."

शिवूही खुलली होती. बादली, माकड, धुकं, गल्लीतला कुल्फीवाला, सांगाल त्यावर बोलायची. इंग्रजी मोडकं होतं, पण थांबत नव्हतं. सुखदा घरी जाताना म्हणाली, "वहिनी, हिला ज़ीरो पडलाच कसा? एवढं येतंय पोरीला. मला कळतच नाहीये यार."

कळलं ते पुढच्या रविवारी. सुखदानं सांगितलं, "आज आपापल्या घराबद्दल. आई-बाबा काय काम करतात, कसं करतात. दोन सिमिली आणि एक पर्सॉनिफिकेशन हवंच. वेदांत, तू आधी."

वेदांतनं आईच्या लॅपटॉपचं सांगितलं. लॅपटॉप जांभया देतो, मीटिंगमध्ये आई मांजरासारखी गोड बोलते आणि मीटिंग संपली की वाघासारखी. सुखदानं त्याचा कान धरला, पण हसली. मग शिवूची पाळी आली.

शिवू उभी राहिली. "माय फादर हॅज अ शॉप," म्हणाली. आणि संपलं.

"गुड. कसलं शॉप? तिथे काय करतात?"

शिवूनं ओठ मिटले. सुखदानं दुसऱ्या तऱ्हेनं विचारलं, तिसऱ्या तऱ्हेनं विचारलं, मराठीत सांग म्हणाली. पोरगीचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. मान खाली गेली, शाळेत गेली होती तशीच. पायाच्या अंगठ्यानं ती जमीन खरवडत होती आणि नाकाचा शेंडा लाल झाला होता. परीक्षेला हेच विचारलं होतं, हे आता कुणी सांगायला नको होतं.

"अगं, बोल की," द्वारका परातीवरनं ओरडली. "रोज बघतीस ना डोळ्यांनी? का दातखिळी बसली?"

शिवूनं मान वर केली. डोळे भरून आले होते. "आई, तूच सांगितलंयस ना," ती म्हणाली. "बाहेर कुणाला नाही सांगायचं. कधीच नाही."

द्वारकाच्या हातातली परात कलंडली आणि पाणी उंबऱ्यावरनं वाहून गेलं. तिनं आधी घाईनं तळाची माती हातानं अडवली, आणि मग तशीच, ओल्या मुठी घेऊन बसली.

सांगितलं होतं. पोरगी बोलायला लागली तेव्हाच मांडीवर घेऊन सांगितलं होतं. बाप काय करतो विचारलं, तर दुकान आहे म्हणायचं. कसलं विचारलं, तर गप बसायचं. सगळीच गलाईवाली माणसं पोरांना हे शिकवतात. घरात दुसऱ्यांचं सोनं असतं. कृष्णातचा चुलतभाऊ हरिदास दुसऱ्या शहरात धंदा करायचा. त्याच्या पोरानं दोस्तांत फुशारकी मारली, बापाच्या मुशीत सोनं पाण्यासारखं असतं म्हणून, आणि आठवडा गेला नाही तोवर दुकान फुटलं. हरिदास देणेकऱ्यांना तोंड चुकवत गावाला गेला तो पुन्हा बाहेर पडला नाही. द्वारकानं ती गोष्ट शिवूला इतक्यांदा सांगितली होती की तिला स्वतःलाच आता ती सांगितल्याचं ध्यानात राहत नसे.

आणि ह्या पोरीनं ते पाळलं. वर्गात सगळ्यांपुढं उभी राहिली, उत्तर येत असून दिलं नाही, शून्य घेतलं, मॅडमचं बोलणं खाल्लं, पाचवीत बसायची पाळी आली, गावाला जायची पाळी आली. घरी येऊनही, का गप्प बसले, हे बोलली नाही. केवढीशी पोर. एवढं मोठं कुलूप तिनं एवढ्याशा तोंडाला कसं लावून ठेवलं असंल. द्वारका पोरीकडं बघतच राहिली. आपल्याच पोटची, पण तिला ती त्या क्षणी एखाद्या थोर परक्या माणसासारखी वाटली. उठून पाया पडावं, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं.

"ताई, आज एवढं बास करा," ती सुखदाला म्हणाली. सुखदानंही जास्त विचारलं नाही. वेदांतला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कृष्णात भट्टीचं अस्तर खरवडत बसला होता. काम नसलं की तो तेच करायचा. उगाच माती काढायची आणि नवी लिंपायची. द्वारका जवळ जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. तो खरवडत राहिला. ऐकतोय की नाही, कळेना.

"तिला बोलू द्या म्हनते मी," द्वारका शेवटी म्हणाली.

"हरिदासचं काय झालं, ठावं हाय ना?"

"ठावं हाय. पण गप बसून हिचं काय व्हनार, तेबी ठावं हाय मला."

कृष्णातनं खुरपं खाली ठेवलं. खोकला आला, तो खोकून घेतला. बराच वेळ तो भट्टीच्या तोंडात बघत राहिला. "शून्य घेतलं तिनं?" त्यानं विचारलं. "येत असून?"

"व्हय."

"माझ्यापाशी एवढं इमान ठेवणारा गडी न्हाई मिळाला आजवर," तो म्हणाला. त्यानं पुन्हा खुरपं उचललं. "भट्टीचं सांगू दे. कसं गाळतो ते सांगू दे. कुठं ठेवतो, ते नको. आन्‌ कुणाचं, तेबी नको."

मग जे झालं ते बघायला सगळा बोळ लोटला असता, पण दार लावून घेतलं होतं. पुढच्या शनिवारी सुखदाच्या वर्गात कृष्णात स्वतः उतरला. भट्टी थंडच. पण त्यानं जाड मोजे चढवले, रिकामी मूस आत ठेवली, ब्लोअरचा कान पिळल्याचं सोंग केलं. नसलेल्या जाळाकडं डोळे बारीक करून बघितलं. मळ काढायचा चिमूटभर टाकणखार, तो मात्र खरा, मुशीत टाकला. मग सांडशीनं मूस उचलली; तीही अशी जपून, जणू भरलेली आहे. हात जराही हलू न देता ती साच्यावर वाकडी केली. कपाळावर घाम नव्हता, पण त्यानं ते सवयीनं पुसलं. वेदांत तोंड उघडं टाकून बघत होता. एवढा वेळ तो गप्प बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"दादा, वितळताना दिसतं कसं?" सुखदानं विचारलं.

कृष्णातला असलं कुणी कधी विचारलं नव्हतं. तो अवघडला. "कसं म्हंजे... आदी तोंडावर साय धरल्यागत असतंय. मग साय फाटती. आन्‌ आत आपलंच तोंड दिसतंय," तो म्हणाला, आणि लाजून खाटेवर जाऊन बसला.

शिवूनं ते इंग्रजीत जुळवायला घेतलं. मधेच थांबायची, बापाला विचारायची, "तेव्हा आवाज कसा येतो, अण्णा?" तो तोंडानं आवाज काढून दाखवायचा. ती त्याला इंग्रजी शब्द लावायची. बाप आणि लेक एवढं एकमेकांशी बोललेलं द्वारकानं कधी ऐकलं नव्हतं. ती माती घोळायची विसरून गेली होती.

परीक्षेच्या दिवशी धुकं थोडं वर उचललं होतं, शाळा पुन्हा उघडली होती. शाळेच्या खोलीत इंग्रजीच्या मॅडम होत्या, आणि शेजारी मोठ्या मॅडम, चष्मा केसांत खोचलेल्या. द्वारकाला मागच्या बाकावर बसवलं. बाक लहान पोरांचा. गुडघे छातीला लागत होते. हातावरच्या भेगा दिसू नयेत म्हणून तिनं हात पदरात घेतले.

आधी व्याकरण झालं. नाउन, व्हर्ब, टेन्स. शिवू बोलत होती. मग संज्ञा, त्यातला एक शब्द द्वारकानं ओळखला आणि तिला वाटलं, गर्दीत गावाकडचं माणूस दिसलं. मग मॅडमनी कागद बघितला आणि विचारलं. काय विचारलं ते द्वारकाला कळलं नाही, पण 'फादर' एवढं कळलं.

शिवूनं मान वळवून आईकडं बघितलं.

द्वारकाला वाटलं होतं, त्या वेळी आपण सहज मान हलवू. पण मान हलेना. केवढी भीती त्या मानेत बसलेली. हरिदासचं फुटलेलं दुकान, त्याच्या बायकोचं रडणं, गप बसायला शिकवणारी द्वारकाची सासू, सगळ्या जुन्या बाया जणू मानेला धरून बसल्या होत्या. मग तिनं पदरातले हात बाहेर काढले, बाकावर ठेवले आणि मान हलवली. "सांग," ती म्हणाली. "सगळं सांग."

शिवू बोलायला लागली.

आधी हळू, मग आवाज मोकळा झाला. द्वारकाला मधेच एखादा शब्द ऐकू यायचा, फायर, गोल्ड, माय फादर, आणि पुन्हा सगळं वाहून जायचं. पण पोरीचे हात बोलत होते. तिनं हवेत सांडशी धरली. डोळे बारीक केले, अगदी बापासारखे. मूस उचलली. हात जराही हलला नाही. द्वारकाला त्या खोलीत भट्टीची धग लागली. खरंच लागली, गालाला. एवढी सालं तिनं हे रोज बघितलं होतं, आणि असं कधी बघितलं नव्हतं. त्या काळ्या, घामट, खोकल्याच्या कामात एवढं काही आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आता सांगत होती ती तिची पोर, तिला न कळणाऱ्या भाषेत. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मोठ्या मॅडमनी केसांतला चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुढं वाकल्या. शिवूनं दोन्ही हात तोंडापुढं धरून आत वाकून बघितलं, साय फाटल्यावर बघतात तसं, आणि एक वाक्य बोलून थांबली.

मग मोठ्या मॅडमनी द्वारकाकडं बघितलं. "ये सब आपके घर में होता है?"

"हाँ जी," द्वारका म्हणाली. "भट्टी हमारी है. सोना लोगों का है."

पाचवीचा विषय पुन्हा निघाला नाही. सातवीतच राहील, मॅडम म्हणाल्या, पर मेहनत करनी पड़ेगी. आणि शिवूच्या पाठीवर हात ठेवला. गावाला जायचं टळलं. द्वारकानं दोघींना नमस्कार केला, पोरीचा हात धरला आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत तिला पायाखालचा रस्ता जाणवला नाही.

बाहेर रिक्षांची गर्दी होती. द्वारका भिंतीच्या कडेला थांबली. "आता मला सांग," ती म्हणाली. "काय सांगितलंस त्यास्नी? मराठीत सांग. सगळं."

शिवू हसत सुरू झाली. "मी म्हटलं, माझे अण्णा... म्हणजे, सोनं जेव्हा..." थांबली. पुन्हा सुरुवात केली. "ती भट्टी असते ना, ती..." कपाळाला आठ्या घातल्या. "मतलब, असं नाही. मराठीत तसं येतच नाहीये, आई. मराठीत ते वेगळंच होतंय. मला नाही येत."

द्वारका तिच्याकडं बघत राहिली. आत कुठंतरी बारीक कळ आली, तिनं ती येऊ दिली. पोर आपल्याजवळ राहिली होती, आणि जिथं ती आत्ता जाऊन आली होती तिथं आईला कधी जाता येणार नव्हतं. पण जागा मोठी होती, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मग तसंच सांग," ती म्हणाली. "इंग्लिशमधी."

"तुला कळणार नाही ना पण."

"न कळू दे. तू सांग. पहिल्यापासनं."

एक रिक्षा येऊन उभी राहिली. "कहाँ जाना है, आंटी?" द्वारकानं त्याला हातानंच थांबायला सांगितलं. शिवूनं इकडंतिकडं बघितलं, दप्तर पायाशी ठेवलं, हात मोकळे केले आणि भर रस्त्यात, गाड्यांच्या आवाजात, पहिल्या वाक्यापासून सांगायला लागली. द्वारका पोरीच्या तोंडाकडं बघत ऐकत राहिली.